खारदुंग ला १८,३८० फूट? नाही हो!

लडाखला जाऊन आलेला प्रत्येक जण खारदुंग लाच्या पिवळ्या बोर्डाशेजारी फोटो टाकतो आणि खाली लिहितो, जगातला सगळ्यात उंच मोटर रोड, १८,३८० फूट. जीपीएसने मोजलं तर ती खिंड भरते ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८२ फूट, आणि लडाखमधलाच उमलिंग ला १९,०२४ फुटांवर आहे, त्यामुळे पहिला नंबर तसाही गेलाच.

पण आर्मीच्या ट्रक ड्रायव्हरला या ८०० फुटांनी काय फरक पडणार? सियाचीनकडे जाणारं रेशन, केरोसीन याच रस्त्याने पलीकडच्या नुब्रा खोऱ्यात उतरतं. लेह साधारण ११,५०० फुटांवर, तिथून जेमतेम ४० किलोमीटरमध्ये एवढी चढाई, वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला, त्यामुळे डोकं ठणकतं, दम लागतो, इंजिनही धापा टाकतं. थंडीत साधं डिझेल गोठायला लागतं, बर्फावर चाकांना साखळ्या बांधायच्या, त्याही हात बधिर झालेले असताना (हे कुणी फोटोत टाकत नाही). पुढची गाडी अडकली की मागचा अख्खा कॉन्व्हॉय तिथेच थांबतो.