कॉलेज फुटबॉलच्या वरच्या पंगतीत बसायचंय? आधी आमंत्रण, मग अर्ज

टेक्सासमध्ये शिकणारा मुलगा फोनवर उत्साहाने सांगतो, "बाबा, आमचं कॉलेज पॅक-१२ मध्ये चाललंय!" पुण्यात बसलेल्या बाबांना वाटतं, इमारत हलवतायत की काय. इमारत जागेवरच राहते, हलतं ते खेळांच्या गटाचं सदस्यत्व. पण त्या सदस्यत्वासाठी कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे होतात, कोर्टकचेऱ्या होतात, आणि विद्यार्थ्याच्या फीच्या बिलातही त्याची एखादी ओळ येऊन बसते. म्हणून ही प्रक्रिया नेमकी कशी चालते, कोण पात्र ठरतं आणि कोणते कागद लागतात, ते इथे सांगतो.

फुटबॉल म्हणजे इथे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. कॉलेजांचे खेळ एनसीएए ही संघटना चालवते. तिच्या पहिल्या विभागात फुटबॉलचे दोन थर आहेत. वरचा एफबीएस, खालचा एफसीएस. ही विभागणी १९७८ ची, सध्याची नावं २००६ पासूनची. २०२५ च्या हंगामात एफबीएसमध्ये १३६ संघ होते. हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात. एसईसी, बिग टेन, बिग १२ आणि एसीसी हे चार श्रीमंत गट. त्यांच्याखाली अमेरिकन, माउंटन वेस्ट, सन बेल्ट, मॅक, कॉन्फरन्स यूएसए वगैरे. सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्स विकते आणि आलेला पैसा सदस्यांत वाटते. सगळी धडपड या वाट्यासाठी असते.

आपल्या वाचकाची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. रणजी करंडकात प्लेट गट जिंकला की संघाला एलिट गटात बढती मिळते. इथे जिंकून वर जाता येत नाही. नॉर्थ डकोटा स्टेट या विद्यापीठाने २०११ ते २०२४ या हंगामांत खालच्या थराचं अजिंक्यपद दहा वेळा मिळवलं, आणि तो सगळा काळ ते खालच्याच थरात खेळत राहिलं. कॉन्फरन्सला जुन्या गृहनिर्माण सोसायटीसारखी समजा. तुमच्याकडे पैसे आहेत, माणूस म्हणून तुम्ही सज्जन आहात, हे सगळं ठीक. पण फ्लॅट रिकामा हवा, आणि आतल्या सभासदांनी हात वर करायला हवेत.

पात्रता: कागदावरची

खालच्या थरातून एफबीएसमध्ये यायचं तर पहिली अट एकच, आणि तिला पर्याय जवळपास नाही: एफबीएसमधल्या एखाद्या कॉन्फरन्सचं अधिकृत आमंत्रण. ते नसेल तर बाकीची फाइल उघडलीही जात नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो स्टेटने हे करून पाहिलं. नव्या स्टेडियमची योजना मांडली, देणगीदारांची आश्वासनं गोळा केली आणि कुठल्याही कॉन्फरन्सशिवाय, स्वतंत्र संघ म्हणून वर येऊ द्या, अशी सवलत मागितली. जून २०२५ मध्ये एनसीएएने ती नाकारली. त्यांच्या फाइलमध्ये नव्हतं ते एक आमंत्रणपत्र.

आमंत्रण हातात असेल तर पुढच्या अटी येतात. फुटबॉल धरून किमान १६ खेळांचे संघ हवेत, त्यांत महिलांचे किमान आठ. लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आहेच. फुटबॉलवर मुलांच्या शिष्यवृत्त्या वाढल्या की मुलींच्या खेळांचा हिशेबही द्यावा लागतो. हंगामात घरच्या मैदानावर एफबीएसच्याच संघांविरुद्ध किमान पाच सामने हवेत. ही अट वाचायला सोपी आहे, पण मोठे संघ छोट्या गावात खेळायला येत नाहीत. म्हणूनच कॉन्फरन्स लागते, कारण ती वेळापत्रक बांधून देते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम कडक झाले. वर्षाला २१० शिष्यवृत्त्यांइतकी मदत आणि शिष्यवृत्त्यांवर किमान ६० लाख डॉलर खर्च, ही अट आली. त्याच वेळी सरासरी १५ हजार प्रेक्षकांची जुनी अट काढून टाकली. माझ्या मते ही अट गेली ते बरंच झालं. तिकिटं फुकट वाटून आकडे फुगवण्याचा तो उद्योग होता.

आणि अर्जाचं शुल्क? पूर्वी ते ५ हजार डॉलर होतं. २०२३ च्या त्याच निर्णयात ते ५० लाख डॉलर झालं. एका फटक्यात हजारपट. हे शुल्क म्हणजे कागद तपासण्याचा खर्च नव्हे हे उघड आहे. दारात गर्दी होऊ नये म्हणून ठेवलेला तो दगड आहे.

पात्रता: न लिहिलेली

कॉन्फरन्स कोणाला बोलावते? जिंकणाऱ्याला बोलावते असं नाही. तिला त्या क्षणी ज्याची गरज असते त्याला बोलावते. टेक्सास स्टेटची गोष्ट याचा उत्तम नमुना आहे.

सॅन मार्कोसचं हे विद्यापीठ ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या मधे वसलंय. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन इथेच शिकले. २०१२ मध्ये ते एफबीएसमध्ये आलं, २०१३ मध्ये सन बेल्टमध्ये, आणि पहिल्यांदा बोल सामना खेळलं ते २०२३ मध्ये. हंगामाच्या शेवटी मानाच्या ज्या लढती होतात, त्यांना बोल म्हणतात. म्हणजे घराणं काही फार मोठं नव्हे.

दुसऱ्या बाजूला पॅक-१२. पश्चिम किनाऱ्याचा हा जुना, तालेवार गट. २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडो गेलं, मग ऑरेगॉन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा. शेवटी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया एसीसीत गेले. एसीसीच्या नावात अटलांटिक किनारा आहे; म्हणजे कोकण विकास मंडळात गोंदियाला घेतल्यासारखंच. मागे उरले दोघे: ऑरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

एनसीएएचा नियम असा की एफबीएसच्या कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारे किमान आठ पूर्ण सदस्य हवेत. कमी पडले तर दोन वर्षांची सवलत मिळते. ती १ जुलै २०२६ ला संपणार होती. पॅक-१२ ने सप्टेंबर २०२४ मध्ये माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट असे पाच ओढले. गोन्झागाही आलं, पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही, त्यामुळे मोजणीत धरता येईना. दोन अधिक पाच, सात. आठवा कुठून आणायचा?

तिकडे सन बेल्टच्या नियमात बाहेर पडण्याचं शुल्क ५० लाख डॉलर होतं, पण १ जुलै २०२५ नंतर ते दुप्पट होणार होतं. टेक्सास स्टेटच्या नियामक मंडळाने ३० जूनला बैठक घेतली, होकार दिला आणि एका दिवसाच्या फरकाने ५० लाख डॉलर वाचवले. एकाला आठवा सदस्य हवा होता, दुसऱ्याला घाई होती. १ जुलै २०२६ पासूनचं सदस्यत्व ठरलं. मैदानावर टेक्सास स्टेटपेक्षा चांगले संघ होतेच, पण टेक्सासमधलं, दोन मोठ्या शहरांच्या मधलं, त्या आठवड्यात सही करायला तयार असलेलं तेच होतं.

याशिवाय अभ्यासाची प्रतिष्ठा मोजली जाते, बिग टेनमध्ये जरा जास्तच. विमानतळ किती जवळ, हेही पाहतात. हवाई विद्यापीठाला २०१२ मध्ये माउंटन वेस्टने फक्त फुटबॉलपुरतं घेतलं तेव्हा पाहुण्या संघांच्या प्रवासखर्चाला हवाईने हातभार लावायचा, असं ठरलं होतं. फक्त फुटबॉलपुरतं सदस्यत्व ही वाट छोट्या विद्यापीठांनी विसरू नये. नॉर्दर्न इलिनॉयनेही २०२६ पासून माउंटन वेस्टमध्ये फक्त फुटबॉल नेण्याचं ठरवलं.

मतदान

आमंत्रण कॉन्फरन्सचे आयुक्त देत नाहीत. सदस्य विद्यापीठांचे अध्यक्ष मतदान करतात आणि बहुतेक ठिकाणी साधं बहुमत पुरत नाही. २०२३ मध्ये एसीसीत १५ पैकी १२ मतं लागत होती. स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि एसएमयू यांना घ्यायला चार विद्यापीठांचा विरोध होता. त्यांतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने शेवटी मत बदललं, आणि १२ विरुद्ध ३ असा ठराव झाला. एका मतावर तीन विद्यापीठांचं भवितव्य ठरलं.

ते मत वळावं म्हणून पाहुण्यांनी काय देऊ केलं तेही पाहा. डॅलसचं एसएमयू नऊ वर्षं प्रक्षेपणाच्या पैशातला आपला वाटा सोडायला तयार झालं. हे तेच एसएमयू, ज्यांचा १९८७ चा अख्खा हंगाम खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल एनसीएएने रद्द केला होता. त्यानंतर मोठ्यांच्या पंगतीत परत बसायला त्यांना दशकं लागली. प्रवेश ठरल्यावर त्यांच्या देणगीदारांनी आठवडाभरात सुमारे १० कोटी डॉलर उभे केले. छोट्या विद्यापीठाने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं, पण आपल्या माजी विद्यार्थ्यांत तेलवाले किती आणि शाळामास्तर किती, हेही आधी मोजावं.

लागणारे कागद

यादी लांब आहे, मोजकंच सांगतो. कॉन्फरन्सचं लेखी आमंत्रण. विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या सहीचा एनसीएएचा अर्ज आणि शुल्क. नियामक मंडळाचा ठराव. खेळखात्याचा आर्थिक अहवाल, बाहेरच्या लेखापालाने तपासलेला. मुलामुलींच्या संघांवरच्या खर्चाची आकडेवारी. खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीचे गुण. संक्रमणाच्या वर्षांचा आराखडा, म्हणजे कोणत्या वर्षी किती शिष्यवृत्त्या आणि पैसा कुठून. नवं सदस्यत्व साधारणपणे १ जुलैपासून लागू होतं, त्यामुळे सगळं त्याआधी उरकावं लागतं.

सरकारी विद्यापीठ असेल तर राज्याची परवानगीही लागू शकते. व्हर्जिनियात २०१५ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या फीतून आणि राज्याच्या पैशातून खेळांवर किती खर्च करायचा याला टक्क्यांची मर्यादा घातली आहे. थर बदलला की मर्यादाही बदलते. म्हणून जेम्स मॅडिसन विद्यापीठाला २०२१ मध्ये सन बेल्टला होकार देण्याआधी राज्याच्या आयोगासमोर जाऊन मंजुरी घ्यावी लागली. हा कायदा मला आवडतो. विद्यार्थ्याच्या खिशाचा विचार या सगळ्या प्रक्रियेत फार थोड्या ठिकाणी होतो.

बाहेर पडण्याचा हिशेब जुन्या कॉन्फरन्सशी चुकवायचा असतो, आणि तो फक्त पैशांचा नसतो. जेम्स मॅडिसनने जाण्याचं जाहीर केल्यावर त्यांच्या जुन्या गटाने, सीएएने, नियमावर बोट ठेवून त्या वर्षी त्यांच्या संघांना गटाच्या अजिंक्यपद स्पर्धांतून बाहेर ठेवलं. निर्णय फुटबॉलचा होता, पण शिक्षा इतर खेळांच्या मुलामुलींनाही झाली. कधी नव्या गटालाही पैसे मोजावे लागतात. पॅक-१२ ने पाच संघ नेले तेव्हा माउंटन वेस्टने जुन्या कराराकडे बोट दाखवून साडेपाच कोटी डॉलर मागितले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

दोन वर्षांचा उपास

एफसीएसमधून वर आल्यावर दोन वर्षं संक्रमणाची. या काळात सामने खेळता येतात, पण कॉन्फरन्सच्या अजिंक्यपदाची लढत आणि बोल यांवर हक्क नसतो. बोलसाठी पात्र संघ कमी पडले तरच संक्रमणातल्यांचा विचार होतो.

जेम्स मॅडिसनने २०२३ मध्ये १२ पैकी ११ सामने जिंकले आणि सन बेल्टच्या आपल्या विभागात पहिला नंबर मिळवला. तरी अजिंक्यपदाची लढत दुसरेच खेळले. सवलत मागितली, एनसीएएने नाकारली. राज्याच्या महाधिवक्त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशाराही दिला. अखेर संघ कमी पडल्यामुळे त्यांना एक बोल मिळाला, आणि ते हरले. पुढे २०२५ मध्ये मात्र सन बेल्टचे विजेते म्हणून ते १२ संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचले.

याच्या उलट आयडाहो विद्यापीठ. सन बेल्टने त्यांचं फुटबॉलपुरतं सदस्यत्व २०१७ नंतर चालू ठेवलं नाही. न्यू मेक्सिको स्टेटचंही नाही. न्यू मेक्सिको स्टेट काही वर्षं स्वतंत्र खेळत तग धरून राहिलं आणि २०२३ मध्ये कॉन्फरन्स यूएसएमध्ये शिरलं. आयडाहो २०१८ मध्ये स्वतःहून खालच्या थरात परतलं. प्रवास कमी झाला, शेजारच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने परत सुरू झाले.

मुलाचं किंवा मुलीचं विद्यापीठ अशा वाटेवर असेल तर घरच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. फीच्या बिलात खेळांसाठी वेगळी ओळ आहे का, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ती वाढली का. सरकारी विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या बैठकांची टिपणं सहसा उघड असतात, ठराव तिथेच सापडतो. दुसरं, स्वतःचं मूल खेळाडू असेल आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल, तर जून २०२५ मध्ये कोर्टात मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पण व्हिसाच्या कामाविषयीच्या अटी तशाच आहेत. सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, प्रशिक्षकाला नव्हे.