बेंच ग्राइंडर घेताना एचपीपेक्षा चाक पाहा

बेंच ग्राइंडर घ्यायला गेलं की दुकानदार आधी मोटर किती एचपीची ते सांगतो. घरच्या कामाला, म्हणजे पटाशी, रंध्याचं पातं, ड्रिल बिट, कोयता यांना धार लावायला, सहा इंची चाकाचं अर्ध्या एचपीचं यंत्र पुरतं. तिथे फार घासाघीस करू नये. पारखायचं ते चाक: ते न थरथरता फिरतं का, आणि ते कशाचं आहे.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिच्यावर चालणारी दोन ध्रुवांची इंडक्शन मोटर मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या थोडी खाली, साधारण 2850 वर स्थिरावते. 150 मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड तेव्हा ताशी 80 किलोमीटरने धावत असते. कडेवरच्या प्रत्येक कणाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या जवळपास 680 पट जोर लागतो. आता समजा, चाक एका बाजूला कडेशी फक्त 5 ग्रॅमने जड आहे. हिशेब मांडला तर शाफ्टला सुमारे साडेतीन किलोंची ओढ बसते, आणि ती ओढ सेकंदाला 47 वेळा गोल फिरते. यातून बेअरिंग लवकर खिळखिळी होतात आणि धार लाटालाटांची येते. म्हणूनच ओतीव लोखंडाचं जड बूड असलेलं यंत्र घ्यावं. पत्र्याचं हलकं यंत्र स्वस्त पडतं, पण ते टेबलावर नाचतं.

दुकानातच यंत्र चालू करून दाखवायला सांगा. पूर्ण वेगात आलं की बुडावर तळहात ठेवा. बारीक गुणगुण जाणवली तर हरकत नाही, हात बधिर व्हायला नको. मग बटण बंद करा आणि थांबून पाहा. चांगल्या बेअरिंगांवरचं चाक बराच वेळ निवांत फिरत राहतं. चाक मंदावत असताना त्याची कड समोरून न्याहाळा. ती डावी-उजवीकडे डुलत असेल तर बऱ्याचदा दोष चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्यांचा असतो. दाबून बनवलेल्या पत्र्याच्या चकत्या क्वचितच सपाट असतात. लेथवर कातलेल्या असतील तर तेवढ्यासाठी चार पैसे जास्त द्यायला माझी ना नाही.

यंत्रासोबत येणारी करडी चाकं खरबरीत आणि टणक असतात. खिळे, पट्ट्या, वेल्डिंगचे गड्डे घासायला ती ठीक, पण पटाशीचा त्यांच्यावर घात होतो. चाक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे धारदार कण आणि त्यांना चिकटवून ठेवणारा भाजलेल्या मातीसारखा बंध. कण बोथट झाला की बंधाने त्याला सोडून द्यायला हवं, तरच खालचा ताजा कण वर येतो. टणक पोलाद कण लवकर बोथट करतं, म्हणून टणक पोलादाला मऊ बंधाचं चाक लागतं. ऐकायला हे उलटं वाटतं, पण टणक चाक बोथट कण धरून बसतं. मग कापणं थांबतं आणि नुसतं घासणं उरतं. त्याची सगळी उष्णता धारेत जाते.

ही उष्णता किती घातक आहे ते डोळ्यांनी दिसतं. कार्बन पोलादाची पटाशी 220-230 अंश सेल्सिअसला गवती पिवळी होते आणि 300 च्या आसपास निळी. टोकाला निळी रेघ उमटली की पाणी, म्हणजे पोलादाचा टणकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. हाय स्पीड स्टीलचं ड्रिल बिट मात्र 600 अंशांपर्यंत टणकपणा राखतं, त्यामुळे ते निळं पडलं तरी घाबरू नये. तापलेलं असताना पाण्यात बुडवू मात्र नये, तडे जातात.

तेव्हा लाकूडकाम करणाऱ्यांनी एका बाजूला पांढरं, मऊ चाक बसवावं. त्याच्या कागदावर ‘ए 60 के व्ही’ अशासारखी खूण असते: ॲल्युमिनियम ऑक्साइड, 60 नंबरचे कण, ‘के’ म्हणजे मऊसर बंध, ‘व्ही’ म्हणजे भाजलेला बंध. नेहमीचं काम पटाश्यांचंच असेल तर चार ध्रुवांच्या मोटरचं, 1425 फेऱ्यांच्या आसपास फिरणारं आठ इंची यंत्र शोधावं. कडेचा वेग सहा इंची यंत्राच्या सुमारे दोन तृतीयांश होतो आणि पोलाद सावकाश तापतं.

नवं चाक बसवण्याआधी बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजलं तर बसवा; बद्द वाजलं तर आत तडा आहे, ते चाक वापरू नका. हत्यार टेकवायची पट्टी चाकापासून 3 मिलिमीटरपेक्षा लांब नको, कारण मोठ्या फटीत हत्यार ओढलं जाऊन चाक फुटू शकतं. ही पट्टी भक्कम आहे का आणि चाक झिजेल तशी पुढे सरकवता येते का, तेही दुकानातच पाहावं. पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभे राहा, मिनिटभर मोकळं फिरू द्या. चष्मा हवाच, हातमोजे नकोत. आणि या चाकांवर ॲल्युमिनियम किंवा तांबं घासू नका: मऊ धातू कणांमधल्या फटींत भरून बसतो, चाक कापेनासं होतं आणि तापून तडकू शकतं.