आंतरवासिता (कोल्हापुरातील वाणिज्य व व्यवस्थापन शिक्षण)

अभ्यासक्रम चालू असताना विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीत कारखाना, बँक, पेढी किंवा सहकारी संस्थेत केलेले, श्रेयांक (क्रेडिट) मिळणारे काम. व्यवहारात ‘इंटर्नशिप’ हाच शब्द रूढ आहे.

संज्ञेविषयी एकमत नाही. ‘आंतरवासिता’ वैद्यकीय शिक्षणातून आली असावी. तीतील निवासाचा अर्थ येथे गैरलागू ठरतो. ‘कार्यप्रशिक्षण’ अधिक नेमकी. पण २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेमुळे ती शिक्षण संपलेल्या तरुणांशी जोडली गेली. ‘शिकाऊ उमेदवार’ या पदाला १९६१ च्या कायद्याने वेगळा अर्थ दिला आहे. ‘उमेदवार’ हा शब्द फार्सी ‘उमेद’ (आशा) यावरून आला. नोकरीच्या आशेने कचेरीत राबणारा, असा त्याचा जुना अर्थ. आजच्या प्रथेचे मूळ या उमेदवारीत शोधले जाते. तथापि त्या उमेदवारावर विद्यापीठाची देखरेख नसे. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झालेली, वर्ग आणि कारखाना आलटून-पालटून करण्याची पद्धत हा पूर्वज अधिक सयुक्तिक वाटतो. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकण्याची रीत मात्र स्वतंत्र व स्थानिक होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदवीच्या चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांचे काम अपेक्षित आहे. ३० तासांस एक श्रेयांक. एमबीएचा उन्हाळी प्रकल्प याहून जुना.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत ओतीव कामाचा दर किलोवर ठरतो. रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारलेला माल) वाढले की तोच दर तोट्यात कसा जातो, हे परिव्यय लेखांकनाच्या (कॉस्ट अकाउंटिंगच्या) पुस्तकापेक्षा तेथे लवकर उमगते. गुळाच्या सौद्यात अडत्याची उधारी, हुपरीत चांदीच्या वजनाचा हिशेब, इचलकरंजीत सुताचे चढउतार यांतूनही असेच शिक्षण घडते. खेड्यातून येणारा, वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी थकबाकीसाठी पहिला फोन करतो तेव्हा त्याची भीड चेपू लागते. व्यक्तिमत्त्वातील हा बदल गुणपत्रिकेत उतरत नाही, पण तोच अधिक मोलाचा.

हा लाभ कामाचा, की मुळात हुशार विद्यार्थीच अशा जागा मिळवतात, हा वाद आहे. अमेरिकेत काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा अनुभव नोंदवलेल्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी सुमारे १४ टक्के अधिक आली. त्यामुळे पहिल्या मताचे पारडे जड दिसते. मात्र हा निष्कर्ष बोलावण्यापुरता आहे. केवळ झेरॉक्स काढून आणि अहवाल उतरवून भरलेले १२० तास त्यात धरता येत नाहीत. विद्यावेतनाबाबत आस्थापनांत एकसूत्रता नाही.