वेशीबाहेरची कबर आणि तरुणांची यात्रा: एका प्रवासक्रमाची पार्श्वभूमी

एखाद्या चर्चचा तरुण संघ परदेशातील ख्रिस्ती स्थळांच्या यात्रेला निघतो, तेव्हा त्याच्या हाती पडणारा कार्यक्रम बहुधा ठरलेलाच असतो. पवित्र भूमीत बेथलेहेम, नासरेथ, गालीलचे सरोवर आणि शेवटी यरुशलेम. इटलीत रोम आणि असिसी. स्पेनमध्ये सांतियागो या तीर्थस्थळाकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेचे अखेरचे टप्पे. हा क्रम प्रेषितांच्या काळापासून चालत आला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. स्थळे जुनी आहेत हे खरे, परंतु ती याच क्रमाने, इतक्या थोड्या दिवसांत आणि मुख्यतः तरुणांनी पाहावीत, ही कल्पना गेल्या दीडशे वर्षांतली आहे. तिचा तरुणांशी जोडलेला भाग तर त्याहूनही अलीकडचा आहे.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. इ.स. 333 मध्ये आजच्या फ्रान्समधील बोर्दो येथून पॅलेस्टाइनला गेलेल्या एका अनामिक यात्रिकाने मुक्कामांची आणि अंतरांची नोंद ठेवली. 380 च्या दशकात एजेरिया नावाच्या स्त्रीने यरुशलेममधील उपासनांचे बारकाईने वर्णन करून ते आपल्या भगिनींना लिहून पाठवले. यात्रेला विरोधही तेव्हापासूनच होता. निस्साचा बिशप ग्रेगरी याने स्वतः यरुशलेम पाहिल्यानंतर असे लिहिले की स्थळ बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही. पुढे 1300 मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी रोममध्ये पहिले ज्युबिली वर्ष, म्हणजे विशेष पवित्र वर्ष, जाहीर केले आणि रोमच्या यात्रेला पापदंडाच्या पूर्ण क्षमेची जोड मिळाली. नेमक्या याच जोडीवर सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने घणाघाती टीका केली. परिणामी ज्या प्रोटेस्टंट मंडळ्या त्याने सुरू केलेल्या धर्मसुधारणेतून जन्मल्या, त्यांत ‘तीर्थयात्रा’ हा शब्द कित्येक पिढ्या संशयास्पद राहिला, आणि आजही त्यांतील काही संघ आपल्या पत्रकावर ‘अभ्यासदौरा’ किंवा ‘बायबलभूमी दर्शन’ असेच छापतात.

तरुणांच्या यात्रेला मध्ययुगीन पूर्वज शोधणारे 1212 च्या तथाकथित ‘बालकांच्या धर्मयुद्धा’कडे बोट दाखवतात. ते टाळलेले बरे. त्या वर्षी जर्मनीतून निघालेला एक जमाव आल्प्स ओलांडून जिनोआपर्यंत पोहोचला आणि समुद्र दुभंगून वाट देईल ही आशा फोल ठरल्यावर पांगला, एवढे निश्चित आहे. परंतु बखरकारांनी वापरलेला ‘पुएरी’ हा लॅटिन शब्द केवळ लहान मुलांसाठी नव्हता. शेतमजूर, चाकर आणि जमीन नसलेल्या गरिबांनाही तो लावला जाई. त्या जमावात मुलेही होती, पण ती मुलांची मोहीम होती असे म्हणता येत नाही.

खरा बदल एकोणिसाव्या शतकात झाला. आगबोटींमुळे भूमध्य समुद्राचा प्रवास सुकर झाला आणि 1869 मध्ये, म्हणजे सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, थॉमस कुक यांनी इजिप्त व पॅलेस्टाइनची पहिली सहल नेली. 1892 मध्ये याफा ते यरुशलेम रेल्वे सुरू झाली. या सोयींचा लाभ घेणाऱ्यांत इंग्लिश आणि अमेरिकन प्रोटेस्टंट मोठ्या संख्येने होते. ते हातात बायबल घेऊन येत, शास्त्रवचन आणि भूगोल यांचा मेळ घालू पाहत, आणि यरुशलेमला पोहोचल्यावर मात्र, परंपरेने येशूची कबर जेथे मानली जाते त्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये, त्यांची निराशा होई. ते चर्च ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन अशा सहा परंपरांमध्ये विभागलेले आहे. कोणी कोठे दिवा लावावा आणि कोणी कोणती पायरी झाडावी, हेसुद्धा 1852 च्या ऑटोमन फर्मानाने ‘जैसे थे’ गोठवलेले आहे, आणि दाराच्या किल्लीची व दार उघडण्याची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. प्रोटेस्टंटांना तेथे बोटभरही जागा नाही.

पुढच्या वादाचे मूळ या पार्श्वभूमीत आहे. आजही प्रत्येक तरुण संघाच्या नियोजनाच्या बैठकीत एक प्रश्न येतोच: यरुशलेममध्ये शेवटची उपासना कोणत्या कबरीपाशी घ्यायची? कारण तेथे येशूच्या म्हणून कबरी दोन दाखवल्या जातात.

पवित्र कबरीच्या चर्चविषयीच्या शंकेला विद्वत्तेचा आधार दिला तो अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन यांनी. त्यांनी 1838 मध्ये शहर पाहिले आणि असा युक्तिवाद केला की येशूने वेशीबाहेर मरण सोसले असे शास्त्र सांगते, मग तटाच्या आत असलेले हे चर्च खऱ्या जागेवर कसे असेल? हा युक्तिवाद सामान्य यात्रिकालाही चटकन पटणारा होता. 1842 मध्ये एका जर्मन अभ्यासकाने दमास्कस वेशीच्या उत्तरेकडील खडकाळ टेकडीचे नाव सुचवले. 1867 मध्ये तिच्या जवळच खडकात कोरलेली एक कबर सापडली. 1883 मध्ये ब्रिटिश जनरल चार्ल्स गॉर्डन यरुशलेमला आले असता त्यांना त्या टेकडीच्या कड्यात कवटीचा आकार दिसला, आणि येशूला जेथे क्रूसावर खिळले ती गुलगुथा म्हणजे ‘कवटीची जागा’ हीच, असे त्यांनी ठामपणे मांडले. गॉर्डन पुढे खार्टूमच्या वेढ्यात मारले गेले आणि ब्रिटनमध्ये वीरपदाला पोहोचले, त्यामुळे त्यांच्या मताला पुराव्याने मिळाले नसते इतके वजन मिळाले. 1894 मध्ये ब्रिटनमधील एका न्यासाने ती जागा विकत घेतली. तीच आज ‘बागेतील कबर’ म्हणून दाखवली जाते.

पुरावा मात्र दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. रॉबिन्सन यांनी पाहिलेला तट सोळाव्या शतकातील ऑटोमन बांधकाम होते, येशूच्या काळातील नव्हे. त्या काळी वेस अधिक दक्षिणेकडे होती. क्रूसारोहणानंतर साधारण दहा वर्षांनी हेरोद अग्रिप्पाने उत्तरेला नवा तट बांधायला घेतला, तेव्हा आजच्या चर्चची जागा प्रथमच आत आली. 1960 च्या दशकात चर्चच्या दक्षिणेस झालेल्या उत्खननात तेथे जुनी दगडाची खाण आढळली, आणि तो भाग पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात वस्तीबाहेर असल्याचे दिसून आले. चर्चच्या आत, गर्दीच्या मागे एका अंधाऱ्या कोनाड्यात, त्याच काळातील ज्यू पद्धतीच्या कबरी अजूनही पाहता येतात. बहुतेक संघ त्या न पाहताच बाहेर पडतात. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आदेशाने येथे बांधकाम सुरू झाले, तेव्हा या जागेवर एक रोमन मंदिर उभे होते आणि ते पाडावे लागले. स्थानिक ख्रिस्ती लोकांची स्मृती दृढ नसती, तर भर वस्तीतील इतकी गैरसोयीची जागा कोणी निवडली असती, असे वाटत नाही. उलट, बागेतील कबर 1980 च्या दशकात तपासली गेली, तेव्हा तिची घडण येशूच्या काळाहून सहा-सातशे वर्षे जुन्या कबरींशी जुळत असल्याचे पुरातत्त्वज्ञांनी दाखवले. शुभवर्तमानात तर ‘नव्या कबरेचा’ उल्लेख आहे.

तरीही बाग मागे पडली नाही, आणि याची कारणे पुरातत्त्वाबाहेरची आहेत. तेथे झाडे आहेत, बाके आहेत, तीस-चाळीस तरुणांना एकत्र बसून गाता येते आणि आधी वेळ ठरवून प्रभुभोजन घेता येते. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये कबरीच्या आत एका वेळी मोजकेच लोक मावतात आणि बाहेर तासन्‌तास रांग असते. बागेचे व्यवस्थापनही हीच ती जागा असा हट्ट धरत नाही, तर पुनरुत्थानाचे स्मरण करण्यास योग्य स्थळ एवढीच भूमिका घेते. ही भूमिका प्रामाणिक आहे. मात्र संघाचा पुढारी ती तरुणांपर्यंत पोहोचवतो की नाही, हा प्रश्न उरतोच. आता वेगवेगळ्या पंथांचे अनेक मिश्र संघ दोन्ही स्थळे एकाच दिवशी ठेवतात. सकाळी रिकामी कबर एके ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी पाहून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय गोंधळ होत असेल, याचा विचार नियोजनात क्वचितच होतो. यार्देन नदीवरील येशूच्या बाप्तिस्म्याच्या स्थळाबाबत असाच पेच आहे. नदीच्या पूर्व तीरावरील अल-मघ्तास 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, समोरचा पश्चिम तीर 1967 नंतर दीर्घकाळ लष्करी बंदीत राहून 2011 मध्ये खुला झाला, आणि दरम्यानच्या काळात यात्रिकांची सोय म्हणून 1981 मध्ये गालीलच्या सरोवराजवळ उभारलेले तिसरेच ठिकाण सर्वांत गजबजलेले ठरले.

तरुणांचा प्रवेश या कथेत विसाव्या शतकात होतो. त्याआधी दूरची यात्रा हा प्रौढांचा, प्रायश्चित्त करणाऱ्यांचा आणि सधनांचा विषय होता. 1912 मध्ये एक फ्रेंच कवी आपल्या आजारी मुलासाठी केलेला नवस फेडण्यास पॅरिसहून शार्त्रपर्यंत पायी गेला. त्याच्या मागोमाग 1930 च्या दशकात विद्यार्थ्यांची सामूहिक पदयात्रा रुजली. 1948 मध्ये सांतियागो येथे तरुणांचा मोठा मेळावा भरला, पण तो स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतला होता आणि त्याला राजकीय छटा होती. फ्रान्समधील तेझे या खेड्यात एका सर्वपंथीय बंधुसंघाभोवती 1960 च्या दशकापासून तरुण जमू लागले. तेथे प्राचीन स्थळ असे काहीच नव्हते, तरी त्या भेटींना यात्रेचेच नाव मिळाले.

निर्णायक वळण 1984 चे. त्या वर्षी पाम रविवारी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या निमंत्रणावरून रोममध्ये तरुण एकत्र आले. तेथून जागतिक युवा दिन या कॅथलिक तरुणांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याची परंपरा सुरू झाली आणि 1989 मध्ये ती सांतियागोला पोहोचली. त्याच सुमारास त्या जुन्या वाटेचे पुनरुज्जीवन चालू होते. एका खेड्यातील धर्मगुरूने स्वतः पिवळ्या रंगाचे बाण रंगवून वाट पुन्हा आखली होती, आणि 1987 मध्ये युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. त्या दशकाच्या मध्यास तेथे यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेणारे वर्षाला अडीच हजारांच्या वर नव्हते; 2024 मध्ये ते जवळपास 5 लाख झाले. त्यासाठी किमान 100 किलोमीटर पायी किंवा 200 किलोमीटर सायकलने जावे लागते. आठ-दहा दिवसांच्या सुटीत तरुण संघाला हे नेमके बसते, म्हणून सारिया गावापासूनचा शेवटचा टप्पा उन्हाळ्यात तरुणांनी भरून जातो. प्राचीन यात्रिक स्वतःच्या उंबरठ्यापासून निघत असे. त्या मानाने हा नियम कमालीचा सौम्य आहे, पण तो नसता तर बहुतेक तरुण त्या वाटेला फिरकलेही नसते.

अलीकडच्या घडामोडींनी प्रवासक्रम पुन्हा हलवला आहे. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पवित्र कबरीचे चर्च बंद झाले. ऑक्टोबर 2023 मध्ये इस्रायल-गाझा युद्धाला तोंड फुटल्यावर पवित्र भूमीचे नियोजन पुन्हा कोलमडले, आणि अनेक संघांनी तुर्कस्तान, ग्रीस किंवा रोमकडे मोर्चा वळवला. 2025 च्या ज्युबिली वर्षात 28 जुलै ते 3 ऑगस्ट या काळात रोममध्ये तरुणांचा सोहळा झाला आणि तोर व्हेर्गाताच्या मैदानावर सुमारे 10 लाख तरुण जमले. त्याच वर्षी निकिया येथील पहिल्या धर्मसभेला 1700 वर्षे पूर्ण झाल्याने तुर्कस्तानातील इझनिक, म्हणजेच प्राचीन निकिया, हे लहान शहर यादीत आले. तेथील सरोवराच्या पाण्याखालील प्राचीन चर्चचे अवशेष 2014 मध्येच उजेडात आले होते, म्हणजे या स्थळाचे यात्रेतील वय जेमतेम दहा वर्षांचे आहे.

पुढील जागतिक युवा दिन ऑगस्ट 2027 मध्ये सोल येथे होणार आहे. कोरियातील ख्रिस्ती समाजाची सुरुवात परदेशी मिशनऱ्यांनी नव्हे, तर 1784 मध्ये बीजिंगहून बाप्तिस्मा घेऊन परतलेल्या एका तरुण विद्वानाने आणि त्याच्या मित्रांनी केली. त्यांच्या वारसांपैकी 103 हुतात्म्यांना संतपद मिळाले तेही 1984 मध्येच. त्या सोहळ्याच्या तयारीला लागलेले संघ आता आपल्या कार्यक्रमात यरुशलेमच्या जागी सोलमधील सोसोमून हे वधस्थान लिहीत आहेत, आणि तेही त्या शहराच्या वेशीबाहेरच होते.