स्तंभबाह्य आयतन

द्रव वर्णलेखनात, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीत, नमुना आत सोडल्यापासून तो शोधकातून (डिटेक्टर) बाहेर पडेपर्यंत कॉलमव्यतिरिक्त (कॉलम म्हणजे कण भरलेला नळीसारखा स्तंभ) ज्या ज्या जागेतून जातो, त्या साऱ्या जागांची बेरीज. इंजेक्टर, नळ्या, जोड, गाळणी आणि शोधकाची सेल यांचा त्यात समावेश होतो. घटक वेगळे होतात ते कॉलममध्येच. बाकीच्या जागेत ते नुसते पसरतात.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेला ठिबकच्या व्हेंचुरीतून खत देणाऱ्याला ही पसरण ओळखीची आहे. खत ओढून संपले तरी शेवटच्या झाडाशी ते उशिरा आणि पातळ होत पोहोचते, कारण नळीच्या मधला द्रव पुढे धावतो आणि कडेचा रेंगाळतो. यंत्रातल्या बारीक नळीतही तेच घडते. ०.२५ मिमी आतील व्यासाच्या १ मीटर नळीत सुमारे ४९ मायक्रोलिटर द्रव मावतो, ०.१२ मिमीच्या नळीत जेमतेम ११. आयतन व्यासाच्या वर्गाने वाढते. संथ प्रवाहातील पसरणीचे प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) मात्र व्यासाच्या चौथ्या घाताने. त्यामुळे नळी लांब झाल्यापेक्षा जाड झाल्याचा फटका मोठा.

कॉलमच्या आतले आणि बाहेरचे प्रचरण यांची सरळ बेरीज होते. हिशेब वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीवर करून पाहू. तिच्या पिवळ्या रंगात कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे असतात. शोधकाच्या आलेखावर तिन्हींची शिखरे, म्हणजे उंचवटे, एकमेकांना चिकटून येतात. (प्रयोगशाळेत शिखराला सर्रास ‘पीक’ म्हणतात, आणि विदर्भात त्यावरून आधी कापूस-सोयाबीनच आठवतात.) १५० × ४.६ मिमीच्या कॉलममधून एक शिखर ३ मिलिलिटर द्रव वाहिल्यावर निघाले आणि कार्यक्षमता १०,००० प्लेट असली (प्लेट म्हणजे निघण्याच्या आयतनाला प्रमाण विचलनाने भागून केलेला वर्ग; जास्त तितके शिखर अरुंद), तर त्याचे प्रमाण विचलन ३० मायक्रोलिटर, म्हणजे प्रचरण ९०० येते. बाहेरच्या नळ्यांनी त्यात १०० घातले, तर ९,००० प्लेट उरतात. हे चालून जाते. आता त्याच यंत्रावर बारीक कणांचा ५० × २.१ मिमी कॉलम चढवा. तितक्याच प्लेट असलेल्या या कॉलममधून शिखर ०.२ मिलिलिटरला निघेल आणि त्याचे प्रचरण असेल अवघे ४. बाहेरचे १०० तसेच राहिले, तर १०,००० पैकी ४०० प्लेटही हाती लागत नाहीत. दोष मात्र नव्या कॉलमवर जातो.

सर्वाधिक झळ लवकर निघणाऱ्या, अरुंद शिखरांना बसते. ग्रेडियंट पद्धतीत, म्हणजे द्रावक हळूहळू बदलत नेताना, घटक कॉलमच्या तोंडाशी अडून पुन्हा एकवटतात, म्हणून कॉलमआधीची पसरण बरीचशी पुसली जाते. कॉलमनंतरच्या पसरणीला असा उतारा नाही.

मोजण्यासाठी कॉलम काढून त्या जागी जवळजवळ शून्य आयतनाचा जोड बसवतात आणि ॲसिटोनचा छोटा थेंब सोडतात. शिखराच्या सरासरी स्थानावरून आयतन कळते, रुंदीवरून प्रचरण. शोधकाच्या मंद प्रतिसादामुळे आलेली रुंदीही त्यात मिसळलेली असते.

प्रमाण वाढवताना, म्हणजे प्रयोगशाळेतून कारखान्याकडे जाताना, गणित उलटते. लांबी व भरण तेच ठेवून कॉलमचा व्यास ४.६ वरून ५० मिमी केला, तर छेदाचे क्षेत्रफळ आणि त्यासोबत प्रवाह ११८ पट होतो: मिनिटाला १ मिलिलिटरऐवजी ११८. नळ्या जाड घ्याव्याच लागतात, पण बहुधा कॉलमच्या मानाने बाहेरची जागा घटते. तेव्हा लहान यंत्रावरचा निकालच वास्तवापेक्षा वाईट असू शकतो. प्रथिनांसाठीच्या १ मिलिलिटरच्या कॉलमभोवती जवळजवळ तेवढेच आयतन नळ्यांचे असू शकते. कारखान्यात मात्र बुडबुडे धरणारी टाकी, गाळणी आणि झडपा यांची भर पडते, आणि द्रावक एकदम बदलला तरी तो बदल कॉलमपर्यंत उशिरा व बोथट होऊन पोहोचतो. म्हणून लहान आणि मोठ्या दोन्ही यंत्रांचे स्तंभबाह्य आयतन मोजून वजा केल्याशिवाय तुलना करू नये. संकलनातही तेच: मिनिटाला ११८ मिलिलिटर प्रवाह असताना शोधकापासून संकलनाच्या झडपेपर्यंत ५९ मिलिलिटरची नळी असेल, तर पडद्यावर दिसलेला पिवळा पट्टा झडपेशी यायला ३० सेकंद लागतात, आणि झडप तेवढी थांबून उघडावी लागते.