मारियो कशावर चालतो?

लॅमिंग्टन रोडवरच्या गेमच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. सातवी-आठवीतलं पोरगं काचेला नाक लावून उभं असतं, मागे ऑफिसची बॅग सांभाळत वडील. "भाऊ, मारियो यावर चालेल ना?" काउंटरवरचा माणूस मान हलवतो. मारियो हवा असेल तर निन्टेन्डोचंच मशीन घ्यावं लागेल. आणि स्पायडरमॅन? तो सोनीवर, नाहीतर मग तगडा पीसी. गेल्या महिन्यात एक गृहस्थ हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे उद्या सोनीच्या टीव्हीवर झी मराठी दिसणार नाही म्हणा की!" दुकानदार हसला, पण उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

एकाच कंपनीच्या मशीनवर चालणारे हे गेम, म्हणजे एक्सक्लुझिव्ह. ते खेळणाऱ्याच्या फायद्याचे की तोट्याचे, यावर पोरं तासन्तास भांडतात. भांडण जुनं आहे, आणि आपल्या मुंबईत ते बरंच उशिरा पोचलं. का, ते आधी सांगतो.

आमच्या गिरगावच्या चाळीत नव्वदीच्या दशकात एकाच बिऱ्हाडात व्हिडिओ गेम होता. मे महिन्याच्या सुट्टीत त्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं, आणि आत खरे गेम मोजून वीस-पंचवीस. तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. 'मारियो', 'कॉन्ट्रा', 'डक हंट' सगळ्यांच्या घरी होते. गेम 'कुणाच्या मालकीचा' असतो, हे आमच्या गावीही नव्हतं.

याचं कारण मशीनच्या पोटात होतं. ते मशीन निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला, तेव्हा त्यात कुलूप नव्हतं. १९८५ मध्ये निन्टेन्डोने तेच यंत्र नव्या खोक्यात घालून अमेरिकेत नेलं, आणि त्यात एक चिप बसवली. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये असेल तरच गेम चालू होणार. आशियाभर ज्या नकला झाल्या त्या बिनकुलपाच्या जपानी मशीनच्या. म्हणून अमेरिकेतल्या पोराला जी भिंत दिसली, ती गिरगावातल्या पोराला दिसलीच नाही.

कुलूप लावण्याची वेळ का आली, ते अटारी या घरगुती गेम मशीन विकणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या गोष्टीत आहे. १९७९ मध्ये अटारीच्या चार प्रोग्रॅमरांनी नोकरी सोडून ॲक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच मशीनसाठी स्वतःचे गेम विकायला सुरुवात केली. अटारी कोर्टात गेली, १९८२ मध्ये तडजोड झाली, आणि तिथून दुसऱ्याच्या मशीनसाठी गेम बनवायला कुणालाही रान मोकळं झालं. मग इतका कचरा बाजारात आला की १९८३ मध्ये अमेरिकेतला धंदाच बसला. निन्टेन्डोने त्यातून घेतलेला धडा साधा होता: दार आपलं, तर किल्लीही आपलीच हवी. गेम बनवणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेत वर्षाला पाचच गेम काढायची मुभा, कॅसेट बनवून घ्यायच्या त्या निन्टेन्डोकडूनच, आणि तो गेम दोन वर्षं दुसऱ्या मशीनवर न्यायचा नाही. 'कॉन्ट्रा'वाल्या कोनामीने पाचच्या मर्यादेवर तोडगा म्हणून अल्ट्रा गेम्स नावाची दुसरी कंपनीच उभी केली. रेशनकार्डावर दोन नावं लावण्याचा प्रकार, दुसरं काय.

तरी हे कुलूप येण्याच्याही आधी, १९८० मध्ये, अटारीला एक गोष्ट कळून चुकली होती. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, गाजलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' तिने हक्क घेऊन घरच्या मशीनवर आणला, आणि लोक त्या एका गेमसाठी मशीन विकत घेऊ लागले. पुढची चाळीस वर्षं हाच हिशेब चालू आहे.

हिशेबातला खोटेपणा मात्र नंतर शिरला, असं माझं मत. निन्टेन्डोने मारियो स्वतः घडवला. तो त्यांनी आपल्याच घरी ठेवला तर तक्रार कसली? पण 'टूम्ब रेडर' घ्या. पहिला भाग १९९६ मध्ये सेगाच्या सॅटर्नवरही होता आणि सोनीच्या प्लेस्टेशनवरही. तो गाजल्यावर १९९७ मध्ये सोनीने करार केला: २००० पर्यंत पुढचे भाग कन्सोलपैकी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या मशीनांपैकी, फक्त प्लेस्टेशनवर. ज्यांनी पहिला भाग सॅटर्नवर खेळला, त्यांना दुसरा मिळालाच नाही. या पैशातून गेममध्ये एक खोली वाढली नाही की एक वाघ. पैसे दिले ते शेजाऱ्याच्या घरी वीज पोचू नये म्हणून. याला मी गुंतवणूक म्हणत नाही.

उलट बाजूचं उदाहरण 'बेयोनेटा २'. पहिला भाग २००९ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्या मशीनवर होता. दुसऱ्या भागासाठी सेगा पैसे घालीना. निन्टेन्डोने घातले, आणि २०१४ मध्ये तो फक्त वी यू या त्यांच्या मशीनवर आला. जुने चाहते खवळले. पण पर्याय 'सगळ्यांसाठी बेयोनेटा २' हा नव्हताच. पर्याय होता तो गेमच नसणं. एक्सक्लुझिव्ह या एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी एकत्र बांधल्या जातात, म्हणूनच भांडण संपत नाही.

मायक्रोसॉफ्टने तिसरीच वाट काढली. १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्सने मॅकवर्ल्डच्या मंचावर 'हेलो' नावाचा गेम मोठ्या कौतुकाने दाखवला, ॲपलच्या कंप्युटरवर. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली, आणि २००१ मध्ये 'हेलो' त्यांच्या पहिल्या एक्सबॉक्स या मशीनची ओळख बनून आला. साखरपुडा एकीकडे, लग्न दुसरीकडे.

मुंबईत तोवर प्लेस्टेशन २ चे दिवस आले होते. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, इर्ल्याचं अल्फा इथे कुणी सीलबंद मशीन सहसा मागत नसे, पहिला प्रश्न "चिप मारलेला आहे का?" हाच. चिप मारली की कॉपी केलेली डिस्क चालायची. म्हणजे कुलूप आता आपल्यापर्यंत पोचलं होतं, फक्त ते तोडणारा माणूस कोपऱ्यावर बसलेला होता. गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून फुटबॉल खेळणाऱ्यांना तर मशीन कुणाचं याच्याशी देणंघेणंच नसायचं.

गंमत अशी की भारतातले पहिले एक्सक्लुझिव्ह याच मशीनवर आले. २००९ मध्ये सोनीने 'हनुमान: बॉय वॉरियर' आणला, हैदराबादच्या कंपनीकडून बनवून घेतलेला. त्याच वर्षीच्या 'देसी अड्डा'त विटीदांडू, पतंग, कबड्डी होती. हनुमान खेळायला तसा कंटाळवाणाच होता, खरं सांगायचं तर. पण सोनीने पैसे घातले नसते तर विटीदांडू कन्सोलवर कधी आला असता, कुणास ठाऊक.

कोपऱ्यावरचा चिपवाला पुढे निरुपयोगी झाला, गेम इंटरनेटला बांधले गेले, आणि मग भिंतीची उंची पहिल्यांदा रुपयांत कळली. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० रुपयांना. एक्सबॉक्स सिरीज एक्सही तेवढ्यालाच. दोन्हीकडचं सगळं खेळायचं म्हटलं तर तेव्हा वीस रुपये कमी एक लाख, गेम वेगळे. आणि सोनीच्या मोठ्या नव्या गेमची किंमत तेव्हा ४,९९९. अमेरिकेतला पोरगा उन्हाळ्यात कुठेतरी काम करून दुसरं मशीन घेऊ शकतो, म्हणून तिकडच्या चर्चेत 'दोन्ही घ्या की' हे उत्तर खपतं. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये पहिलंच मशीन दिवाळी बोनसवर येतं. माझा भाचा आणि त्याचा जिगरी दोस्त एकाच इमारतीत राहतात. दोघांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं घेतली. आता जो गेम एकाकडेच आहे, तो खेळायला दुसरा आपला रिमोट खिशात घालून दोन जिने उतरतो, आणि खाली गेल्यावर कळतं की रिमोटही चालत नाही.

यावर मुंबईने काढलेला उपाय म्हणजे जुन्या डिस्कचा बाजार. गेम संपवायचा, दुकानात परत द्यायचा, वर पाच-सातशे भरून दुसरा घ्यायचा. एक्सक्लुझिव्हची धार या अदलाबदलीने बरीच बोथट केली होती. डिस्कशिवायचं मशीन स्वस्त म्हणून घेतलं की तीही सोय गेली.

आणि निन्टेन्डो? त्यांचा स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आलाच नाही. जो मिळतो तो ग्रे मार्केटमधून, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. हे लक्षात ठेवून 'राजी' या गेमकडे बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, दुर्गा आणि विष्णूची मंदिरं, भारतीय पुराणांचं वातावरण. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. शेवटी १८ ऑगस्ट २०२० ला तो बाहेर पडला, तो कुठे? आधी फक्त स्विचवर. पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाल्यांना १५ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे पुण्यात घडलेला गेम दोन महिने अशा मशीनवर होता, जे पुण्यातल्या कुठल्याही रीतसर दुकानात मिळत नव्हतं. मी चिडलो होतो तेव्हा. आज मला ते तितकंसं चुकीचं वाटत नाही. छोट्या कंपनीला निन्टेन्डोच्या जाहीर कार्यक्रमात मिळालेली ती काही मिनिटं जगभर नेणारी होती, आणि दोन महिने म्हणजे काही जन्म नव्हे.

पीसीवर हीच लढाई दुकानांमध्ये झाली. एपिक या गेम कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये ऑनलाइन दुकान उघडलं. आधीचं मोठं ऑनलाइन दुकान स्टीम गेम बनवणाऱ्याच्या विक्रीतून ३० टक्के कापायचं, हे १२ टक्केच. पण 'मेट्रो एक्झोडस' रिलीजच्या तोंडावर स्टीमवरून उचलून वर्षभर आपल्याकडे ठेवला, तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या. त्याच एपिकने मे २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, 'जीटीए ५' फुकट वाटला. तो घेताना कुणाला तत्त्वं आठवली नाहीत, मलाही नाही.

मग मायक्रोसॉफ्टने पाकीट उघडलं. २०२१ मध्ये ७५० कोटी डॉलरमध्ये बेथेस्डा ही गेम कंपनी, आणि २०२३ मध्ये, कोर्टकचेऱ्या पार करून, ६,८७० कोटी डॉलरमध्ये तीच जुनी ॲक्टिव्हिजन, अटारीतून पळालेल्यांची. तिचा 'कॉल ऑफ ड्यूटी' हा गेम हातचा जाणार म्हणून सोनीने गळा काढला. टूम्ब रेडरचा करार करणाऱ्या कंपनीच्या तोंडी ते ऐकायला मजा आली. पण झालं उलटंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलेच चार गेम बाहेरच्या मशीनवर द्यायचं जाहीर केलं, एप्रिल २०२५ मध्ये 'फोर्झा होरायझन ५' प्लेस्टेशनवर आला, आणि त्या ऑक्टोबरात खुद्द 'हेलो'ची घोषणा झाली. खेळाडूंच्या कळवळ्याने नव्हे. सोनीच्या 'स्पायडरमॅन २'चा खर्च ३० कोटी डॉलरच्या आसपास गेल्याचं फुटलेल्या कागदपत्रांत दिसलं होतं. एवढा पैसा एकाच मशीनवरून वसूल करणं आता सोनीलाही जड जातं. म्हणून 'गॉड ऑफ वॉर'सारखे त्यांचे गेमही काही वर्षांनी पीसीवर उतरले.

निन्टेन्डो मात्र जागचा हललेला नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या काही कॅसेटमध्ये तर गेमच नसतो. असते फक्त किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवायचा. लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानदाराने मला अशी एक हातावर ठेवून दाखवली. नखाएवढी. मी सवयीने फुंकर मारली.