मूळव्याधच असेल, असं धरून चालू नका

शौचाला रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरातच होतं: मूळव्याध. मग सुरणाची भाजी, इसबगोल, एखादं मलम, आणि बघता बघता सहा महिने उलटतात. बहुतेकांचं रक्त खरोखर मूळव्याधीचंच असतं. काळजी उरलेल्यांची आहे. गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगातही तसंच लालभडक रक्त पडू शकतं, आणि मूळव्याध आहे म्हणून कर्करोग नसेल असंही नाही. गुदाशय १२ ते १५ सेंटीमीटर लांब असतो. हातमोजा घातलेलं डॉक्टरांचं बोट ७-८ सेंटीमीटरपर्यंत पोचतं, त्यामुळे खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी मिनिटभराच्या तपासणीत हाताला लागतात. रक्त पडत असताना ही तपासणी न होताच औषध मिळालं, तर ‘आतून तपासा’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग याहून लपून राहतो. तिथे आतडं रुंद आणि मळ पातळ असतो, म्हणून अडथळा उशिरा येतो. रक्त मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त थकवा आणि उतरलेलं हिमोग्लोबिन. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता आढळली, तर नुसत्या गोळ्या देऊन थांबू नये. रक्त कुठे जातंय हे शोधलंच पाहिजे.

हा झाला लक्षणांचा तपास. स्क्रीनिंग त्याहून वेगळं. ते काहीही त्रास नसणाऱ्यांसाठी असतं. हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या वाढीतून, म्हणजे पॉलिपमधून होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, पण बिघडू शकणारे काढून टाकले तर कर्करोग होण्याआधीच टळतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप कापला, तेव्हापासून त्यासाठी पोट उघडावं लागत नाही.

अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण जोखमीच्या लोकांना ४५व्या वर्षी तपासणी सुरू करायला सांगतात. भारतात या रोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे इथे विचारणा आपणच करावी लागते.

सोपी सुरुवात म्हणजे मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी. ती फक्त माणसाच्या रक्तातलं प्रथिन ओळखते, म्हणून आधी पथ्य नसतं. जुन्या ग्वायॅक चाचणीत मटण किंवा काही कच्च्या भाज्यांनीही गल्लत होते. लॅबला आधीच विचारा की कोणती करता. मळ पाण्यात पडू न देता कोरड्या कागदावर किंवा भांड्यात घ्यायचा, चाचणीसोबत मिळालेल्या काडीचं टोक त्यात तीन-चार जागी फिरवायचं आणि ती काडी सोबतच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं. काडीच्या खाचांत राहील तेवढाच मळ पुरतो. बाटली उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहिली तर प्रथिन मोडतं आणि रक्त असूनही अहवाल ‘नाही’ येतो. पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये. एका वेळच्या चाचणीतून काही कर्करोग निसटतात, म्हणून ती दरवर्षी करायची.

अहवाल ‘आहे’ आला, की पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं. इथे सर्वांत मोठी चूक होते: लोक फिट पुन्हा करतात, ती ‘नाही’ येते आणि निश्चिंत होतात. गाठीतून रक्त रोज पडत नाही, त्यामुळे दुसरा अहवाल पहिल्याला खोडू शकत नाही.

कोलोनोस्कोपीचं निम्मं यश आतडं किती स्वच्छ आहे यावर ठरतं. आदले दोन-तीन दिवस भाकरी, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, पेरू, टोमॅटो बंद. बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. मऊ भात, साल काढलेला बटाटा, दही चालतं. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त शहाळं, गाळलेलं डाळीचं पाणी, साखरपाणी. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलायची. रेचक पावडरीचं द्रावण अर्धं संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास. सगळं रात्रीच संपवलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला चिकट थर बसतो आणि चपटे पॉलिप त्याखाली झाकले जातात. शेवटी फक्त फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी पडायला हवं. गढूळ असेल तर तसं सांगा.

गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून सोबत कुणीतरी हवं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. घरी आल्यावर पोट फुगून खूप दुखलं, ताप आला किंवा बरंच रक्त पडलं, तर लगेच रुग्णालय गाठायचं.

अहवालात तीन गोष्टी पाहा: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचली का, सफाई कशी होती, आणि पॉलिप किती, केवढे, कोणत्या प्रकारचे. सगळं नीट असेल तर पुढची तपासणी दहा वर्षांनी; पॉलिप मोठे किंवा बरेच असतील तर साधारण तीन वर्षांनी. आणि कर्करोग निघाला असेल, तर ही गोष्ट भावंडांपासून आणि मुलांपासून लपवू नका. त्यांची तपासणी ४०व्या वर्षी, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग कळला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात.